पैशांचा हिशेब, माणसांचा हिशेब

आमच्या तालुक्याच्या गावात गेला महिनाभर एकच वाद चालू आहे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींना रात्री अभ्यासाला जागा नाही, म्हणून पंधरा-वीस तरुणांनी अभ्यासिका बांधायचं मनावर घेतलं. खर्चाचा अंदाज आठ लाखांचा. पैसे उभे करण्यासाठी त्यांनी शाळेच्या मैदानावर ऑर्केस्ट्रा ठरवला, भोवती खाऊचे स्टॉल, आणि शंभर रुपयांच्या कूपनांवर सोडत. पहिलं बक्षीस मोटारसायकल. कूपनं खपली, मंडपाचे बांबू उभे राहिले, आणि कार्यक्रमाला दोन दिवस उरले असताना पोलिसांनी परवानगी नाकारली. तेव्हापासून गावात दोन तट पडले आहेत. एक म्हणतो, चांगल्या कामाला सरकारच आडवं येतं. दारूच्या दुकानाला परवाना मिळतो आणि अभ्यासिकेला मिळत नाही. दुसरा म्हणतो, बरं झालं. वर्गणी मागणारे सगळे एका माळेचे मणी, आज अभ्यासिका म्हणतील आणि उद्या त्या पैशांवर मजा मारतील.

मला दोन्ही तटांचं म्हणणं पटत नाही. लोकांच्या नावाने पैसे मागणारा माणूस दोन ऋणं अंगावर घेतो. ज्याने पैसे दिले त्याला हिशेब देणं, आणि ज्याला मैदानावर बोलावलं त्याला सुखरूप घरी पाठवणं. या दोन ऋणांबद्दल महिनाभरात कुणी अवाक्षर काढलेलं मी ऐकलं नाही. कायदा कुठे जाचक आहे, कुठे आंधळा आहे, ते मी पुढे मान्य करणारच आहे. तरीही परवानगी, पावती, दुसरं फाटक आणि पाण्याचा टँकर या गोष्टी चांगल्या कामातच मोडतात, असं माझं ठाम मत आहे. अभ्यासिकेच्या विटेइतकीच तिच्यासाठी फाडलेल्या पावतीची, पुस्तकात मागे उरणारी स्थळप्रत मोलाची आहे.

पहिल्या तटाचा सर्वांत बळकट मुद्दा विश्वासाचा आहे, आणि तो मी मनापासून मानते. महाराष्ट्रातल्या कितीतरी संस्था लोकवर्गणीतून उभ्या राहिल्या, आणि त्या वेळी देणाऱ्याने घेणाऱ्याच्या डोळ्यांकडे पाहून दिलं. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभा केला आणि त्यातून तळेगावला काचकारखाना निघाला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, तेव्हा घराघरातल्या बायका मुलांच्या वसतिगृहासाठी मूठ मूठ धान्य बाजूला काढत. बोर्डिंगातल्या मुलांच्या पोटात घास पडावा म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. त्या मुठीची पावती कोण मागणार होतं? त्या मंगळसूत्राची नोंद कुठल्या कार्यालयात करायची होती? माणसं एकमेकांना ओळखतात तिथे कागद कशाला, असं कुणी म्हणालं तर मला ते उद्धट वाटत नाही. ते एका थोर परंपरेतून आलेलं आहे.

पण ती परंपरा पुरती पाहायला हवी. मूठभर धान्यावर उभ्या राहिलेल्या रयतने १९३५ मध्ये रीतसर नोंदणी करून घेतली. गांधीजींनी १८९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत नेटाळ इंडियन काँग्रेस ही संघटना काढली तेव्हा वर्गणीदार थोडे, सगळे ओळखीचे. तरी प्रत्येक रकमेची पावती आणि पै-पैचा हिशेब यावर ते अडून बसले. गाडगेबाबांनी लोकांच्या पैशातून पंढरपूर, नाशिक, आळंदी इथे धर्मशाळा बांधल्या, त्या विश्वस्तांच्या हाती दिल्या, आणि स्वतः फुटक्या गाडग्यानिशी हिंडत राहिले. या माणसांवर लोकांचा विश्वास कमी होता म्हणून त्यांनी हे केलं का? आपण उद्या नसलो तरी देणाऱ्याचं देणं वाया जाऊ नये, एवढीच काळजी त्यामागे होती. विश्वास माणसावर असतो आणि माणूस मरतो, आजारी पडतो, गाव सोडतो, भावाशी भांडतो. वहीतली नोंद मागे राहते.

आमच्याकडच्या खेड्यांत यात्रा संपली की देवळाच्या सभामंडपात जमाखर्च वाचून दाखवण्याची रीत होती, काही गावांत अजून आहे. पट्टी किती जमली, तमाशाला किती दिले, कुस्त्यांच्या इनामाला किती गेले, शिल्लक किती, ती कुणाकडे. एखादा म्हातारा मध्येच उठून विचारायचा, "मंडपवाल्याला गेल्या साली चार हजार दिले, औंदा सहा कसे?" त्याला कुणी समाजद्रोही म्हणत नसे. सरकारने काही लादायच्या कितीतरी आधीपासून हिशेब मागणं हा गावाचा स्वभाव होता. तोच प्रश्न आज सार्वजनिक संस्थांवर देखरेख ठेवणाऱ्या धर्मादाय कार्यालयाने विचारला की तो आपल्याला अपमान का वाटावा?

एक जुनी गोष्ट सांगते. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी मी आमच्या भागातल्या एका महिला गटाची खजिनदार होते. ओळखीतल्या एका मुलाचं मूत्रपिंड बदलायचं होतं. आम्ही एका नाटकाचा मदतीचा प्रयोग लावला, देणगी प्रवेशिका घरोघरी जाऊन खपवल्या, स्मरणिका काढली आणि जाहिराती मिळवल्या. खर्च वजा जाता पावणेतीन लाख उरले. शस्त्रक्रियेची तारीख मिळण्याआधीच मुलगा गेला. रुग्णालयाचं बिल भागवून आमच्याकडे एक लाख साठ हजारांच्या आसपास रक्कम राहिली. मग जे झालं ते मी अजून विसरलेली नाही. मुलाचे वडील म्हणाले, उपचारापायी माझ्यावर कर्ज झालंय, हे पैसे माझ्या मुलासाठी जमले, ते मला द्या. काही बायका म्हणाल्या, हे दुसऱ्या आजारी मुलासाठी ठेवूया. दोन मोठ्या देणगीदारांनी पैसे परत मागितले. तिघांचंही म्हणणं खरं होतं. दोन वर्षं ती रक्कम खात्यात पडून राहिली आणि दोन वर्षं आम्ही भांडलो. कुणी रुपया खाल्ला नव्हता. तरी आमच्याबद्दल गावात जे बोललं गेलं ते चोराबद्दल बोलतात तसंच होतं. शेवटी मतदान घेऊन रक्कम वाटली, आणि ज्या बापाच्या दुःखात आम्ही सामील झालो होतो त्याने आमच्याशी बोलणं सोडलं.

पावतीवर एक ओळ छापली असती तर हे सगळं टळलं असतं. "ठरलेला हेतू पूर्ण न झाल्यास अगर रक्कम उरल्यास ती अमुक कामी वापरली जाईल." एवढीच ओळ. ती आम्हाला सुचली नाही, कारण आमची मनं स्वच्छ होती आणि स्वच्छ मनाला कागदाची गरज नसते असं आम्ही समजत होतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधलं कलम ४१ क मला त्यानंतर कळलं. संस्थेची नोंदणी नसेल आणि लोकांकडून धार्मिक किंवा धर्मादाय कामासाठी पैसे जमवायचे असतील, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची तात्पुरती परवानगी घ्यायची आणि काम झाल्यावर हिशेब सादर करायचा. अर्जात विचारतात ते काय? कोण जमवतंय, कशासाठी जमवतंय, पैसे कुठे ठेवणार. आम्ही तेव्हा ते प्रश्न आधी एकमेकींना विचारायला हवे होते. मंडळाच्या नावे बँकेत खातं, दोघांच्या सह्यांशिवाय पैसे न निघणं, अनुक्रमांक छापलेली पावतीपुस्तकं, आणि कुणाकडे कितवं पुस्तक दिलं त्याची नोंद. खर्च म्हणाल तर हजार-दोन हजारांचा. त्यातून मिळतं ते असं की उद्या कुणी बोट दाखवलं तर वही उघडून समोर ठेवता येते.

अभ्यासिकेच्या मुलांच्या फलकावर आणखी एक ओळ होती, "देणगी करमुक्त". त्यांच्या मंडळाला प्राप्तिकर खात्याची तशी मान्यता नाही. मुलांनी दुसऱ्या कुठल्यातरी फलकावरून ती ओळ उचलली असणार, यात लबाडी नाही हे मला ठाऊक आहे. पण ज्या दुकानदाराने त्या ओळीवर विसंबून दहा हजार दिले, त्याने विवरणपत्रात सवलत मागितली तर ती नाकारली जाईल आणि वर खुलासा द्यावा लागेल. मान्यता असलेल्या संस्थेलासुद्धा रोख दोन हजारांच्या वर दिलं तर सवलत मिळत नाही, हेही पुष्कळांना माहीत नाही. अज्ञानातून दिलेलं खोटं आश्वासन देणाऱ्याच्या खिशाला तेवढंच महाग पडतं.

इथवर पैशांचं झालं. माझ्या मते गावातल्या वादात सर्वांत वाईट रीतीने हाताळला गेला तो दुसरा हिशेब, माणसांचा.

ज्या मैदानावर कार्यक्रम होणार होता ते मी लहानपणापासून पाहते आहे. तिन्ही बाजूंनी भिंत, पुढे एक फाटक, रुंदी साधारण तीन मीटर. मागे एक छोटं फाटक आहे, ते कित्येक वर्षं कुलूपबंद. कूपनं खपली होती त्यावरून तीन हजार माणूस येणार हे मुलांनीच सांगितलं. आता हिशेब करा. माणसं शांतपणे, ढकलाढकली न करता चालत असतील तर एक मीटर रुंदीच्या वाटेतून मिनिटाला साधारण ऐंशी जण बाहेर पडतात. तीन मीटरच्या फाटकातून तीन हजार माणसांना बारा-तेरा मिनिटं लागतील. पण त्याच फाटकाच्या एका बाजूला वडापावचा स्टॉल लागणार होता आणि दुसऱ्या बाजूला जनरेटर, कारण सगळी गर्दी तिथूनच जाणार म्हणून ती जागा मोक्याची. अर्धं फाटक अडलं की पंचवीस मिनिटं. मंडपाच्या कापडाने पेट घेतला तर पंचवीस मिनिटं कोण देणार आहे?

कुणाला हे भीती घालणं वाटेल. मग डबवाली आठवा. २३ डिसेंबर १९९५, हरियाणातलं छोटं शहर, शाळेचं वार्षिक संमेलन, कापडी मंडप, बाहेर पडायला एकच दार. आग लागली आणि काही मिनिटांत चारशेहून जास्त माणसं गेली, त्यात बहुतेक मुलं आणि त्यांचं कौतुक बघायला आलेल्या आया. तिथले आयोजक काही खलनायक नव्हते. आपल्यासारखीच मुलांवर जीव असलेली माणसं होती. घराजवळचं उदाहरण हवं असेल तर वाईजवळचा मांढरदेवीचा डोंगर आहे. २५ जानेवारी २००५ ला, शाकंभरी पौर्णिमेच्या यात्रेत काळूबाईच्या पायऱ्या फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरड्या झाल्या होत्या, वाट चिंचोळी होती, दोन्ही बाजूंना दुकानं खेटून होती. माणसं घसरली, त्यांच्यावर माणसं पडली, दुकानांना आगी लागल्या, सिलिंडर फुटले. सुमारे तीनशे भाविक मेले. नारळ, पायरी, दुकान, पौर्णिमा, यातली एकही गोष्ट वाईट नाही. एका वेळी एका चिंचोळ्या जागी त्या एकत्र येऊ द्यायच्या की नाहीत, हे ठरवायला कुणीतरी जबाबदार लागतो. यात्रा असो वा मदतीचा कार्यक्रम, गर्दीला आपला हेतू कळत नसतो.

यावर पहिल्या तटाचं एक उत्तर आहे आणि ते फार खरं आहे. परवानगीने अपघात टळतात का? १६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा झाला. तो खुद्द सरकारचा कार्यक्रम होता. तिथे कुठल्या परवानगीची वानवा होती? तरी भर उन्हात मोकळ्या मैदानावर तासन्‌तास बसलेल्या माणसांपैकी १४ जण उष्माघाताने गेले. कागदावर सगळे शिक्के असतात आणि डोक्यावर सावली नसते, हे आपण आपल्याच राज्यात पाहिलं. म्हणून शिक्का म्हणजे सुरक्षितता असं मी म्हणणार नाही. पण खारघरवरून निष्कर्ष काय काढायचा? सरकारला साधलं नाही म्हणून आपणही प्रयत्न सोडायचा? सगळी यंत्रणा, सगळा पैसा हाताशी असताना एप्रिलच्या दुपारी एवढी चूक होते, तर ऑर्केस्ट्रावाल्याशी घासाघीस करण्यात गुंतलेल्या वीस पोरांच्या हातून काय काय सुटू शकेल, हाच विचार मला तरी सुचतो. अर्जावरचे प्रश्न म्हणजे त्यांच्यासाठी आठवणीची यादी आहे. दवाखान्याची गाडी कुठून आत येणार, वीज रीतसर तात्पुरती जोडणी घेऊन येणार की खांबावर आकडा टाकून, स्टॉलवर सिलिंडर किती आणि ते मंडपापासून किती लांब, हरवलेलं पोर कुठे आणून बसवायचं, मंचावरून सूचना कोण देणार. रात्री दहाला ध्वनिवर्धक बंद करायचा नियमसुद्धा शेजारच्या दहावीच्या पोरासाठी आणि हृदयविकाराच्या म्हाताऱ्यासाठीच आहे.

मोठ्या मंडळांना हे सगळं जमतं, असं कुणी म्हणेल. मुंबईत किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळाने २०२४ च्या गणेशोत्सवासाठी चारशे कोटींहून अधिक रकमेचा विमा उतरवला, त्यात मूर्तीच्या दागिन्यांबरोबर कार्यकर्त्यांचंही संरक्षण होतं. आमच्या अभ्यासिकेला असला विमा परवडणार कुठून? खरं आहे. पण तीन हजार माणसांच्या एका संध्याकाळीला चारशे कोटींचा विमा लागत नाही. फाटकावर दोरी धरून उभी राहणारी बारा शहाणी पोरं लागतात, वाळूच्या बादल्या लागतात, आणि ठरलेल्या आकड्याच्या पुढे एकही कूपन न फाडण्याचा निश्चय लागतो. हा शेवटचा निश्चय सर्वांत अवघड, कारण चांगल्या कामासाठी पैसे जमवताना "आणखी दोनशे येऊ देत" म्हणायला फार गोड वाटतं. कबड्डीचं मैदान तेरा मीटर बाय दहा मीटर असतं. त्यात पाचशे-सव्वापाचशे माणसं उभी केली की चौरस मीटरमागे चार होतात, आणि त्याच्या पुढे गर्दी पाण्यासारखी वागू लागते. एक माणूस हलला की लाट येते. हे गणित आमच्या पोरांना येत नाही असं नाही. परीक्षेत याहून अवघड गणितं ती सोडवतात.

आता सरकारकडे वळते, कारण त्या बाजूचा दोष झाकून मला माझी बाजू मांडायची नाही. आमच्या मुलांना पोलिसांनी दोन दिवस आधी नकार दिला. अर्ज मात्र तीन आठवडे आधी गेला होता. त्या तीन आठवड्यांत, तुमचं मागचं फाटक उघडा, सोडत रद्द करा, मग परवानगी देतो, एवढं सांगायला किती वेळ लागला असता? ऐन वेळी दिलेला नकार सुरक्षितता वाढवत नाही, तो फक्त पुढच्या वेळी न विचारता कार्यक्रम करायला शिकवतो. एका संध्याकाळीसाठी पोलीस, नगरपालिका, अग्निशमन, महावितरण, धर्मादाय कार्यालय आणि स्टॉलसाठी अन्न खातं, इतके उंबरे झिजवावे लागतात. मोठ्या मंडळांच्या पाठीशी वकील, लेखापाल आणि नगरसेवक असतो. वर्षातून एकदा कार्यक्रम करणाऱ्या पोरांच्या पाठीशी कुणी नसतं. मोठ्या शहरांत गणेशोत्सवाला एक खिडकी योजना आणता येते, तर तालुक्याच्या ठिकाणी वर्षभर का नको? धर्मादाय कार्यालय जिल्ह्याच्या गावी असतं. ऑनलाइन अर्ज करता येतो, पण तो भरून देणारं माणूस तहसील कचेरीत आठवड्यातून एक दिवस तरी बसायला काय हरकत आहे? आणि ज्या मंडळाच्या मंडपात पुढारी आरतीला येतात त्याला सगळं माफ, आणि अभ्यासिकेला तेवढा कायदा, हे जिथे जिथे घडतं तिथे लोकांचा संताप रास्तच आहे. नियम सगळ्यांना सारखा लागू झाला तरच तो नियम म्हणून मनाला पटतो.

काही कायदे तर भल्या माणसाला न कळत गुन्हेगार करून ठेवतात. सोडतीचंच घ्या. पैसे घेऊन कूपन द्यायचं आणि नशिबाने बक्षीस काढायचं, ही कायद्याच्या भाषेत लॉटरी झाली; सरकारची नसलेली आणि सरकारने परवानगी न दिलेली लॉटरी चालवण्यासाठी जागा ठेवली तर भारतीय न्याय संहितेत सहा महिन्यांपर्यंत कैद सांगितली आहे. आमच्या पोरांनी सोडत म्हणजे गंमत समजली होती. परदेशातल्या पैशांचंही तसंच. गावातले दोघे जण अमेरिकेत आहेत, दोघांनीही पाचशे-पाचशे डॉलर द्यायचं कबूल केलं. एकाकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे. त्याने आपल्या कमाईतून दिलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. दुसऱ्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं आहे. तो त्याच आळीत वाढला, याच शाळेत शिकला, तरी २०१० च्या परकीय देणगी कायद्याने तो परकीय स्रोत. मंडळाची त्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसेल तर त्याचा एक डॉलरही घेता येत नाही, आणि नोंदणी असली तरी पैसे आधी दिल्लीतल्या ठरलेल्या बँकशाखेतच यावे लागतात. हे मला कठोर वाटतं. छोट्या रकमांसाठी सोपी वाट असायला हवी असं मी जरूर म्हणेन, आणि त्यासाठी आमदार-खासदारांकडे आग्रह धरेन. पण तोवर त्या मुलाचे पैसे चुलत्याच्या खात्यातून फिरवून आणा, हा सल्ला मी देणार नाही. हिशेबाच्या पहिल्याच पानावर खोटं लिहिलं की पुढची पानं खरी असून उपयोग नसतो.

दुसऱ्या तटाबद्दल थोडक्यात बोलते, कारण त्यात बोलण्यासारखं कमी आहे. वर्गणी सक्तीची असते, दुकानदाराला आकडा ऐकवला जातो, रस्त्यात दोरी धरून ट्रक अडवले जातात, हे खोटं नाही. धाक घालून घेतलेला पैसा ही खंडणी आहे आणि तिच्यावर खंडणीचाच गुन्हा दाखल व्हायला हवा. पण काही जण दोरी धरतात म्हणून सगळी वर्गणी वाईट, या न्यायाने पैसा फंड उभा राहिला नसता आणि रयतच्या मुलांच्या ताटात भाकरी पडली नसती. २०२१ मध्ये मुंबईतल्या एका तान्ह्या मुलीच्या दुर्मिळ आजारावरचं सोळा कोटींचं इंजेक्शन देशोदेशींच्या अनोळखी माणसांनी थोडे थोडे पैसे घालून आणलं. ते पैसे मागणाऱ्यांनाही मजा मारणारे म्हणणार का? जे "सगळे चोर" म्हणतात त्यांनी किती वेळा पावती मागितली, किती वेळा हिशेबाच्या सभेला जाऊन बसले? आमच्या गटाने त्या नाटकानंतर हिशेबवाचन ठेवलं होतं. साडेचारशे देणगीदारांपैकी अकरा आले. नंतर कुजबुजणारे त्या अकरांत नव्हते. हिशेब देणं हे घेणाऱ्याचं काम, तसं तो ऐकायला येणं हे देणाऱ्याचं.

गेल्या रविवारी ती मुलं माझ्याकडे आली होती. जुनी खजिनदार म्हणून कुणीतरी नाव सुचवलं असावं. रागात होती, पण ऐकत होती. सोडत रद्द करायचं त्यांनी मान्य केलं. मोटारसायकलचा विसार बुडाला, तो त्यांनी आपसांत वाटून घेतला, देणगीतून घेतला नाही, याचं मला फार बरं वाटलं. फलकावरची "करमुक्त"ची ओळ रंगवून काढली. धर्मादाय कार्यालयाचा अर्ज आम्ही मिळून भरला. उरलेली रक्कम गावच्या वाचनालयाला जाईल, ही ओळ आता पावतीवर छापली जाणार आहे. मुख्याध्यापकांनी मागच्या फाटकाची किल्ली शोधून दिली, कुलूप गंजून गेल्याने ते तोडावं लागलं. वडापावचा स्टॉल भिंतीच्या कडेला गेला आहे आणि प्रवेशिका अठराशेच छापायच्या ठरल्या आहेत.

एक काम मात्र वेळ खातंय. कूपनांचे शंभर-शंभर रुपये परत करायला पोरं दारोदार फिरताहेत आणि अर्धे लोक ते घेत नाहीत. "राहू दे रे, अभ्यासिकेलाच लाव," म्हणतात. पोरांना वाटलं होतं, मग प्रश्न मिटला. मी म्हटलं, मिटला नाही. त्यांनी ते पैसे बक्षिसाच्या आशेने दिले होते, देणगी म्हणून आज देत असतील तर आज नवी पावती फाडा, त्यावर त्यांचं नाव घाला, आणि कूपन परत घेऊन स्थळप्रतीला टाचा. शुक्रवारपर्यंत सहाशे चाळीस पावत्या फाडून झाल्या होत्या.